गोणपाटावरचा विद्यार्थी

सातारच्या सरकारी शाळेत भीमराव नावाचा एक मुलगा शिकत असे. सुभेदार रामजींच्या या पुत्राचा जन्म १८९१ साली महू येथे झाला होता. वर्गात इतर मुले एकत्र बसत; भीमरावास मात्र कोपऱ्यात, घरून आणलेल्या गोणपाटावर एकट्यानेच बसावे लागे. शाळेचा नोकर त्या गोणपाटाला शिवत नसे; म्हणून ते रोज घरी न्यावयाचे आणि रोज परत आणावयाचे. तहान लागली तरी नळास हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपाई नळ सोडी तेव्हाच पाणी मिळे. शिपाई नसला की तहान तशीच राही. अस्पृश्य मानलेल्या जातीत जन्म, एवढाच त्याचा अपराध!

हाच मुलगा पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून बॅरिस्टर झाला. तेच डॉ. बाबासाहेब आंबेडकर होत.

१९२३ साली मुंबईच्या विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, शाळा व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय होता. परंतु ठराव कागदावरच राहिला. तेव्हा २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो बांधवांसह महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. विरोधकांनी तळे खासगी आहे असे सांगून दावा लावला. बाबासाहेब डगमगले नाहीत. सुमारे दहा वर्षे त्यांनी न्यायालयात झुंज दिली. अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

न्यायालयात मिळालेला विजय खेड्यापाड्यांत पोचविणे अजून बाकी होते. त्यासाठी बाबासाहेब गावोगाव हिंडले. फेब्रुवारी १९४१ मध्ये येडशीजवळच्या कसबे तडवळे गावी महार-मांग वतनदार परिषद भरली. पिढ्यान्‌पिढ्या गावकीची कामे करणाऱ्या लोकांच्या या परिषदेस ते जातीने आले.

देश स्वतंत्र झाल्यावर बाबासाहेब संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. २६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आले. त्याने अस्पृश्यता नष्ट केली. सरकारी अथवा सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा यांवरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही, असा नियमही त्यात आला. अमेरिकेत काळ्या व गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा तेथील सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा ठरविल्या, त्या १९५४ साली.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे निधन झाले. ज्या मुलाला वर्गाच्या कोपऱ्यात बसविले होते, त्यानेच देशातील सर्व मुलांसाठी शाळेचे दार कायद्याने उघडून दिले. ते दार सताड उघडे ठेवणे आणि शेजारी बसणाऱ्याला आपला मानणे, हे मात्र शाळेत जाणाऱ्या प्रत्येकाचे काम आहे.