दुर्गाबाईंचे बारा महिने

वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी दादरच्या बाजारात पाऊल ठेवायला जागा नसते. आंबे, जांभळं, फणसाचे गरे आणि बाजूला वडाच्या फांद्यांचे ढीग. वड लांब, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर, सकाळी कचेरीची घाई. मग फांदी घरी आणून तिलाच सूत गुंडाळायचं. दुसऱ्या दिवशी ती कचऱ्यात जाते. झाडाची पूजा, तीही झाड तोडून! बँक सुटल्यावर अशी फांदी मीही कित्येक वर्षं घरी नेली आहे. 'ऋतुचक्र' वाचल्यावर मात्र ती हातात धरवेना.

'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाई भागवत १० फेब्रुवारी १९१० रोजी इंदूरला जन्मल्या, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकल्या, स्वातंत्र्याच्या चळवळीत पडल्या, प्राचीन बौद्ध कायद्यावर प्रबंध लिहिला. नंतर मध्य भारतातल्या आदिवासींचा अभ्यास करायला त्या जंगलात गेल्या. तिथे विषबाधा झाली, कित्येक वर्षं अंथरुणात गेली आणि डॉक्टरेट राहिली ती राहिलीच. दुसरं कुणी कपाळावर हात मारून घेतला असता. बाईंनी लोककथा, व्रतं, झाडं-नद्यांचे देव हाच आपल्या विद्येचा प्रांत केला. शेंदूर फासलेल्या दगडाला अडाणीपणा म्हणून हसणं सोपं. तो तिथे का आला, हे शोधायला त्यांनी आयुष्य घातलं.

'ऋतुचक्र' आलं १९५६ साली. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत पालवी, मोहोर, ढग, किडेपाखरं यांचं हे पुस्तक. गंमत अशी, की त्याच दशकात इंग्लंडात जेराल्ड गार्डनर आणि त्यांची मंडळी ख्रिस्तपूर्व काळातल्या देवदेवतांची उपासना नव्याने मांडत होती. दोन अयनं, दोन विषुवदिनं आणि अधलेमधले चार, असे आठ सण त्यांनी वर्षावर बसवले. त्याला ते वर्षाचं चाक म्हणतात. म्हणजे ऋतुचक्रच की! एकमेकांची गंधवार्ताही नसावी. त्यांचा धागा शतकांपूर्वी तुटलेला, तो जोडायचा होता. आपल्याकडे पोळा, पिठोरी, आघाडा-दूर्वा, दसऱ्याचा आपटा, सगळं चालूच होतं.

पण हातातल्या धाग्याकडे कोण बघतो? गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे. वडाळ्याच्या नावात वड आणि परळच्या नावात पाडळ, असं जुने लोक सांगतात. पाडळीचं फूल आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी तरी नाही. दुर्गाबाई शहरात राहूनही बघत होत्या. पिंपळाची पालवी कोणत्या रंगाने सुरू होते, हे आधी डोळ्यांनी. मग पुराण, मग लोककथा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

टाउन हॉलच्या पायऱ्या चढून एशियाटिकच्या ग्रंथालयात वाचत बसायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा परिपाठ. आणीबाणीत, १९७५ साली, कराडच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्ष. मंत्री हजर असताना त्यांनी आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी पोलिसांनी त्यांना त्याच ग्रंथालयातून नेलं. फुलांवर लिहिणारी बाई इतकी कणखर कशी, याचं तेव्हा अनेकांना नवल वाटलं. मला वाटत नाही. डोळ्यांना दिसलं ते कुणाच्या सोयीसाठी न बदलण्याची सवय त्यांना फार आधीपासून होती. 'पैस'ला १९७१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. आणीबाणीनंतर मात्र सरकारी सन्मानांकडे त्यांनी पाठ फिरवली.

लग्न केलं नाही, संस्था काढली नाही, शिष्यगण जमवला नाही. खाण्याखिलवण्याची मात्र भारी हौस. 'खमंग' हे पाककृतींचं पुस्तकही त्यांच्या नावावर आहे.

७ मे २००२ रोजी दुर्गाबाई मुंबईत गेल्या. अमावास्येला चार-पाच दिवस उरले होते, चैत्र सरत आला होता. शहरात बहावा फुलण्याचे ते दिवस.