गोव्याचे वैद्यराज गार्सिया द ओर्ता

आपल्या हिंग-हळदीची कीर्ती युरोपात पोचविणारे एक वैद्य साडेचारशेहून अधिक वर्षांपूर्वी गोव्यात होऊन गेले. गार्सिया द ओर्ता हे त्यांचे नाव. जन्म पोर्तुगालचा. आईबाप मूळचे ज्यू. स्पेनमधून त्यांना घालवून दिले आणि पोर्तुगालात बळजबरीने ख्रिस्ती केले. मुलगा वैद्यक शिकून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. पुढे १५३४ साली मार्तिम अफोंसो द सोझा यांच्या आरमाराबरोबर तो गोव्यास आला, तो कायमचाच.

गोव्यात त्यांची वैद्यकी चांगली चालली. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारीही ते जात. तेथील हकिमांकडून त्यांनी औषधांची नावे शिकून घेतली. हिंदू वैद्यांनाही विचारीत. विद्यापीठात शिकविलेल्या माणसाने असे विचारत बसावे, याचे मला फार कौतुक वाटते.

१५६३ साली त्यांनी गोव्यातच आपले पुस्तक छापले. त्यात दोन वैद्य बोलत बसले आहेत. एक नवखा, जुन्या ग्रीक ग्रंथांवर भरवसा ठेवणारा. दुसरे स्वतः ओर्ता. ते म्हणतात तेवढेच, की डोळ्यांनी पाहावे, हाताळावे, मग बोलावे. पाहण्यासाठी वनस्पती आणून देते ती घरची दासी अंतोनिया. नारळ, फणस, विड्याचे पान, भांग, धोतरा, सगळे त्यात आहे. येथील लोक भांड्याला हिंग लावून भाजी कशी करतात, हेसुद्धा! मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते, तेथील आंब्यांचीही गोष्ट आहे. पटकीचे वर्णन तर रोग्याच्या उशाशी बसून केल्यासारखे आहे. नाडी मंदावते, अंग गार पडते, पायांत गोळे येतात.

एवढा उघड्या डोळ्यांचा माणूस, पण स्वतःचा धर्म त्यांना झाकून ठेवावा लागला. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायालय बसले. १५६८ साली ओर्ता वारले, म्हणून सुटले असे वाटेल. पण पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुपचूप ज्यू धर्म पाळल्याबद्दल जाळण्यात आले. १५८० साली ओर्तांची हाडे थडग्यातून उकरून काढून तीही जाळली.

पुस्तक मात्र तोवर दूर गेले होते. क्लुसियस नावाच्या पंडिताने १५६७ सालीच त्याचा लॅटिन सारांश अँटवर्पला छापला होता, आणि युरोपातले वैद्य तो वाचीत होते. पणजीला चर्चजवळ एक बाग आहे, तिला ओर्तांचे नाव आहे.