देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि न संपणारा भागाकार



अँटॉप हिलच्या आपल्या घरांतून जागा थोडी असते. एकाच खोलीत स्वयंपाक, शिवणयंत्र आणि मुलांचा अभ्यास चालतो. अशा वेळी एखादा मुलगा वहीत भागाकार करीत बसतो. एकला सातने भागतो, दशांश चिन्ह देतो, शून्य उतरवीत जातो, पान भरते; पण भागाकार काही संपत नाही. मुलाला वाटते आपलेच काही चुकले. आई-वडिलांना वाटते, मुलाचे गणित कच्चे आहे, शिकवणी लावली पाहिजे. खरे म्हणजे मुलाचे काहीच चुकलेले नसते. तो भागाकार संपणाराच नसतो. आणि हे भागाकार करण्यापूर्वीच सांगता येते!

अशा न संपणाऱ्या भागाकारांत ज्यांना आयुष्यभर आनंद वाटला, त्या एका शाळामास्तरांची हकीकत आज तुम्हांला सांगावयाची आहे. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी आजच्या पालघर जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. घरची परिस्थिती बेताची. वडील कारकुनी करीत. त्यांना ज्योतिषाचा नाद होता आणि ज्योतिष म्हटले की आकडेमोड आलीच; म्हणून आकड्यांची गोडी मुलाला घरातच लागली. आठ वर्षांचे असताना आईचे छत्र हरपले. पुढे वडिलांनीच त्यांचा सांभाळ केला. माध्यमिक शिक्षण ठाण्यास झाले. गणिताची कोडी सोडविण्यात हा मुलगा तासन् तास रमत असे. १९२३ साली ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले आणि १९२७ साली स्वतंत्र गणिती लेखनाबद्दल त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले. १९२९ साली ते बी. एस्‌सी. झाले. त्यापुढची पदवी त्यांनी घेतली नाही. नाशिकजवळच्या देवळालीस शाळेत गणिताचे शिक्षक म्हणून लागले, आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले.

वाचकहो, एवढ्या साध्या आयुष्यात सांगण्यासारखे काय, असे तुमच्या मनात येईल. जरा थांबा. शीव स्थानकावरून कल्याणच्या बाजूस जाणारी गाडी तुम्ही कितीदा तरी पकडली असेल. वाटेत ठाणे लागते, पुढे डोंबिवली. तरुणपणी कापरेकरही या मार्गाने जात. तेव्हाच्या जी. आय. पी. रेल्वेवर डोंबिवलीचे स्थानक डेम्लो या नावाने ओळखले जाई. तेथे त्यांच्या मनात काही संख्यांचा विचार आला आणि त्या संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या हेच नाव देऊन टाकले. त्यांतल्या सर्वांत देखण्या संख्या तुम्हीही काढू शकता. ११ ला ११ ने गुणा, १२१ येतात. १११ ला १११ ने गुणा, १२३२१ येतात. ११११ घेतलेत तर १२३४३२१. आपण गाडीची वाट पाहताना कंटाळतो. या माणसाला तेथे आकड्यांचा छंद पुरला.

आता आपल्या भागाकाराकडे वळू. दशांश अपूर्णांक म्हणजे काय? ज्याचा छेद १०, १००, १००० असा असतो तो अपूर्णांक. या सर्व छेदांचे मूळ अवयव पाडा. १० म्हणजे २ गुणिले ५. १०० म्हणजे दोन वेळा २ आणि दोन वेळा ५. कितीही शून्ये वाढवा, २ आणि ५ यांच्याखेरीज तिसरा मूळ अवयव त्यात शिरत नाही. मग ज्या अपूर्णांकाच्या छेदात फक्त २ आणि ५ आहेत, त्यास योग्य संख्येने वर-खाली गुणून छेद १०, १०० किंवा १००० करता येतो आणि भागाकार संपतो. यास खंडित दशांश रूप म्हणतात. पण छेदात ३, ७, ११ असा परका अवयव बसला असेल, तर गुणून तो काही निघून जात नाही. तेथे भागाकार संपत नाही. अंकांचा एक गट पुन्हा पुन्हा येत राहतो. यास आवर्ती दशांश रूप म्हणतात.

उदाहरण घ्या. ७/४० संपेल का? ४० म्हणजे २ × २ × २ × ५. परका अवयव नाही, म्हणजे संपणार. येथे २ तीन वेळा आहे आणि ५ एकदाच. आणखी दोन ५ हवेत. म्हणून वर-खाली २५ ने गुणा. १७५/१००० झाले, म्हणजे ०.१७५. २ किंवा ५ यांपैकी जो अधिक वेळा येतो, तितकी दशांश स्थळे लागतात. येथे तीन लागली.

मात्र एक सावधगिरी बाळगा. ३/१२ पाहून कोणी म्हणेल, १२ मध्ये ३ आहे, म्हणजे हा संपणार नाही. पण ३/१२ म्हणजे १/४ आणि १/४ म्हणजे ०.२५. तेव्हा अपूर्णांकास आधी अतिसंक्षिप्त रूप द्यावे, नंतरच छेदाचे अवयव पाहावेत. परीक्षेत पुष्कळ मुलांचे गुण येथेच जातात.

आणि जेथे भागाकार संपत नाही, तेथे तरी तेच अंक पुन्हा का येतात? १ ला ७ ने भागताना उरणारी बाकी पाहा. प्रथम ३ उरतात, मग २, मग ६, ४, ५ आणि शेवटी १. सातने भागल्यावर शून्य सोडून सहाच बाक्या संभवतात. त्या सर्व येऊन गेल्या आणि बाकी पुन्हा १ आली, म्हणजे जेथून निघालो तेथेच परत आलो. म्हणून १४२८५७ हे सहा अंक फिरत राहतात. २/७ काढलात तर २८५७१४ येतात. तेच अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात दुसरीकडून. १/१३ मध्ये मात्र दोन निराळी चक्रे निघतात. १/१३ चे अंक ०७६९२३ आणि २/१३ चे १५३८४६.

कापरेकरांना या चक्रांचा मोठा नाद होता. एकेक छेद घेऊन त्याची आवर्तने मांडणारे पुस्तक त्यांनी १९५० च्या सुमारास देवळालीहून स्वतःच छापून प्रसिद्ध केले. त्या वेळी गणकयंत्रे घरोघर नव्हती. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढेच भांडवल.

पालकांपैकी ज्यांनी आण्याचा हिशेब घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकला असेल, त्यांना ही गोष्ट चटकन पटेल. पूर्वी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै होत्या. १९२ ला ३ ने भाग जातो. म्हणून एक रुपया तिघा भावांत वाटावयाचा तर प्रत्येकास ६४ पै, म्हणजे ५ आणे ४ पै बरोबर मिळत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आता प्रत्येकास ३३ पैसे देऊन एक पैसा उरू लागला. १०० मध्ये ३ हा अवयव नाही, हेच त्याचे कारण. उलट, एक आणा म्हणजे १/१६ रुपया. १६ मध्ये नुसते २ आहेत, म्हणून तो ६.२५ पैशांवर नीट संपतो.

आपल्या घरांतून याहून महत्त्वाचा हिशेब होतो तो विरासतीचा. त्यात १/२, १/४, १/८ तसेच २/३, १/३, १/६ असे हिस्से येतात. पहिले तीन दशांशात संपतात, पुढचे तीन संपत नाहीत. समजा एक गृहस्थ वारले. मागे आई, पत्नी आणि एक मुलगा आहे. कर्ज वगैरे फेडून १,००,००० रुपये उरले. आईचा हिस्सा १/६, पत्नीचा १/८, उरलेले १७/२४ मुलाचे. दशांशात मांडून रुपयाखालची रक्कम सोडून दिलीत तर आईस १६,६६६, पत्नीस १२,५०० आणि मुलास ७०,८३३ मिळतात. बेरीज करा; ९९,९९९ होते. एक रुपया गेला कोठे? येथे एक रुपया आहे, जमिनीच्या किमतीत मोठी रक्कम होईल आणि घरात वाद होईल. म्हणून छेद २४ ठेवून ४, ३ आणि १७ असे भाग मांडावेत आणि शेवटच्या पायरीपर्यंत अपूर्णांकच चालवावा. शेवटी जी बारीक रक्कम उरेल, ती कोणास द्यावयाची हे सर्वांसमक्ष ठरवावे. अल्‌ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात बीजगणितावर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग विरासतीच्या हिशेबाला दिलेला आहे, तो उगीच नव्हे. दशांश अपूर्णांकांची रीत पद्धतशीर मांडणारे अल्‌काशी यांनी समरकंद येथे आपला हिशेबाचा ग्रंथ १४२७ साली पुरा केला. ही विद्या अशी अनेक देशांतून फिरत आपल्या वहीपर्यंत आलेली आहे.

पुन्हा कापरेकरांकडे येऊ. त्यांचे सर्वांत गाजलेले संशोधन ६१७४ या संख्येचे. कोणतेही चार अंक घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. मोठ्यातली मोठी आणि लहानातली लहान संख्या मांडून वजाबाकी करा आणि आलेल्या उत्तरावर हीच क्रिया पुन्हा करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ बरोबर ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४! फार तर सात पायऱ्यांत सर्व संख्या येथे येऊन थांबतात. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी हे मांडले.

त्या वेळी कौतुक झाले असेल असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. आपल्याकडील पुष्कळ विद्वानांना हे संशोधन क्षुल्लक, पोरखेळ वाटले. शाळेतला मास्तर, पदव्युत्तर पदवी नाही, त्याचे काय ऐकावयाचे? त्यांचे काही लेख लहान नियतकालिकांतून आले. बाकीचे त्यांनी पुस्तिकांच्या रूपाने स्वतःच छापले. हसणाऱ्यांशी वाद घालण्यात त्यांनी दिवस घालविले नाहीत. शाळेतल्या मुलांना आकड्यांची गोडी लावली, महाविद्यालयांतून बोलावणे आले की जाऊन व्याख्याने दिली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना. १९६६ साली पत्नीही निवर्तल्या. तेव्हा गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या करून त्यांनी चरितार्थ चालविला, पण संख्यांचा ध्यास सोडला नाही.

१९७५ च्या मार्च महिन्यात सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांच्या कामाची ओळख करून दिली आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर झाले. तेव्हा त्यांचे वय ७० होते. १९८६ साली देवळालीस त्यांचे निधन झाले. आज ६१७४ ला कापरेकर स्थिरांक म्हणतात आणि एका जातीच्या संख्यांना कापरेकर संख्या. ४५ चा वर्ग २०२५; २० आणि २५ मिळविले की पुन्हा ४५. गंमत अशी की, एक भागिले सातमध्ये फिरणारी ती १४२८५७ हीदेखील कापरेकर संख्याच आहे. तिचा वर्ग २०४०८१२२४४९. २०४०८ आणि १२२४४९ यांची बेरीज करून पाहा.

पालकहो, या हकीकतीतून घ्यावयाचे ते एवढेच. आपल्या मुलाकडे मोठ्या शाळेचे नाव नसेल, वेगळी खोली नसेल, महागडी शिकवणी नसेल. कापरेकरांपाशीही यांतले फारसे काही नव्हते. विद्या कोणाची पदवी आणि पत्ता विचारीत नाही. मात्र मूल वहीत काही शोधत असेल तेव्हा त्याला वेडा म्हणून उठवू नका. तुम्हांला गणित येत नसले तरी चालेल. जवळ बसा आणि हे असे का होते, एवढेच त्याला विचारा. सांगता सांगता त्याचे त्यालाच समजेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, आज रात्री एक काम करा. १/२ पासून १/२० पर्यंतचे एकोणीस अपूर्णांक एका कागदावर लिहा. भागाकार न करता, केवळ छेदाचे अवयव पाडून, कोणते संपतात त्यांवर खूण करा. बरोबर सात निघाले पाहिजेत. आठ निघाले किंवा सहाच निघाले तर निराश होऊ नका, पुन्हा तपासा. मग उरलेल्या बारांतला एक निवडा आणि त्याचे अंक कोठून फिरतात ते शोधा. १७ चा निवडलात तर सोळा अंकांपर्यंत धीर धरावा लागेल. पण सतरावा अंक लिहिताना जो आनंद होईल, त्याच आनंदावर एका शाळामास्तरांनी आपले सारे आयुष्य काढले, हे आठवा.