ट्रान्झिस्टरला घराघरांत नेणारे इबुका

व्हॉल्व्हचा रेडिओ ज्या पिढीने ऐकला, तिला त्याची रीत आठवत असेल. बटण फिरवल्यावर आतल्या काचेच्या नळ्या तापेपर्यंत वाट पाहायची, मगच आवाज यायचा. वीज खाणाऱ्या, तापणाऱ्या आणि मधूनच निकामी होणाऱ्या या निर्वात नलिकांची घरगुती उपकरणांतील सद्दी ज्यांनी संपवली, त्यांत जपानचे मासारू इबुका अग्रभागी होते.

इबुका यांचा जन्म ११ एप्रिल १९०८ रोजी निक्को येथे झाला. वडिलांचे छत्र बालपणीच हरपले. १९३३ मध्ये त्यांनी वासेदा विद्यापीठाची पदवी घेतली. महायुद्धानंतर उद्ध्वस्त टोकियोतील एका इमारतीत त्यांनी रेडिओदुरुस्ती सुरू केली. लाकडी भांड्यात विजेवर भात शिजवण्याचे उपकरणही करून पाहिले. पण भात कधी कच्चा राही, तर कधी त्याचा गिचका होई. तो प्रयोग फसला. मे १९४६ मध्ये अकिओ मोरिता यांच्या साथीने त्यांनी कंपनी स्थापन केली. तीच पुढे ‘सोनी’ या नावाने जगाला ठाऊक झाली.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९४७ च्या डिसेंबरात ट्रान्झिस्टरचा जन्म झाला होता. १९५२ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना इबुका यांना कळले की, त्याचे पेटंट वापरण्याचा परवाना मिळू शकतो. शुल्क होते २५ हजार डॉलर. या छोट्या कंपनीसाठी ही रक्कम मोठी होती. त्यात परकीय चलनाच्या सरकारी मंजुरीसाठी १९५४ उजाडले. तेव्हाचे ट्रान्झिस्टर उच्च कंप्रतेवर नीट चालत नसल्याने त्यांचा उपयोग श्रवणयंत्रापुरताच, असे परवाना देणाऱ्यांचे मत होते. इबुकांनी मात्र रेडिओ करायचे ठरवले. कारण त्यांना घरोघरी पोहोचायचे होते.

हा निर्णय कंपनीच्या मुळावर येऊ शकला असता. सहकारी काझुओ इवामा यांनी अमेरिकेतून पाठवलेल्या टिपणांवरून यंत्रे उभारली गेली. आरंभी शंभरांतले जेमतेम पाच ट्रान्झिस्टर उपयोगी ठरत. तरीही इबुकांनी उत्पादन थांबवले नाही. काही नग चांगले निघतात, त्या अर्थी दोष तत्त्वात नसून कृतीत आहे आणि कृती सुधारता येते, ही त्यांची धारणा होती. पुढे ती खरी ठरली.

ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणण्याचा पहिला मान मात्र हुकला. १९५४ च्या अखेरीस ‘रीजन्सी’ या अमेरिकी रेडिओने तो पटकावला. ऑगस्ट १९५५ मध्ये इबुकांच्या कंपनीचा ‘टीआर-५५’ आला. जपानमधील तो पहिलाच. १९५७ चा ‘टीआर-६३’ खिशात मावणारा म्हणून विकला गेला. प्रत्यक्षात तो नेहमीच्या खिशापेक्षा किंचित मोठा असल्याने विक्रेत्यांच्या सदऱ्यांना मोठे खिसे शिवून घेतले, असे सांगतात. १९६० मध्ये आठ इंची पडद्याचा ट्रान्झिस्टरवर चालणारा दूरचित्रवाणी संचही कंपनीने आणला. चित्रनलिका तेवढी काचेची राहिली. बाकीच्या नळ्या गेल्या.

१९ डिसेंबर १९९७ रोजी इबुकांचे निधन झाले. ट्रान्झिस्टरचा शोध त्यांनी लावला नव्हता; त्यासाठीचे नोबेल १९५६ मध्ये तिघा अमेरिकी शास्त्रज्ञांना मिळाले होते. पण प्रयोगशाळेतील हा शोध सामान्य माणसाच्या उशाशी आणण्यात इबुकांचा वाटा मोठा होता. आपल्याकडे तर एका सुट्या भागाचे नावच आख्ख्या रेडिओला चिकटले. शेताच्या बांधावर बातम्या ऐकणारा शेतकरी ‘ट्रान्झिस्टर’च ऐकत असे.