महाराजांची गाडी आणि जालन्याची भट्टी

मित्रांनो, आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत कधी सकाळी चक्कर मारा. स्टील कारखान्यांच्या गेटबाहेर भंगाराच्या ट्रकची रांग लागलेली असते. त्यात काय नसतं? गंजलेले पत्रे, पाईप, मशिनचे तुकडे, आणि मधूनच एखाद्या जुन्या मोटारीचा दरवाजा किंवा बॉनेट. थोड्या वेळात हे सगळं भट्टीत जातं आणि दुसऱ्या टोकाने सळई बनून बाहेर येतं. आमच्या मामांची फियाट अशीच गेली. मामा तिला धुतल्याशिवाय चहा घेत नसत, पण शेवटी भाव लागला तो किलोवर!

आता दुसरं टोक बघा. ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेत पेबल बीच इथे १९३५ सालची एक ड्युसेनबर्ग गाडी लिलावात २ कोटी २० लाख डॉलरला गेली. त्यावेळच्या दराने दीडशे कोटी रुपयांच्या वर! लोखंड दोन्हीकडे लोखंडच. मग एक गाडी किलोने आणि दुसरी कोटीने का विकली जाते? मेकॅनिकलचे विद्यार्थी म्हणून हा प्रश्न आपल्याला पडायलाच हवा. त्याचं उत्तर शोधताना मला भेटले एक मराठी महाराज, ज्यांच्याकडे त्याच ड्युसेनबर्ग कंपनीची गाडी होती. ते म्हणजे इंदूरचे महाराजा यशवंतराव होळकर, दुसरे.

होळकर म्हटलं की आपल्याला ते परके वाटत नाहीत. आपल्या जिल्ह्यातलं अंबड एकेकाळी होळकरांच्या ताब्यात होतं. तिथली बारव आजही लोक अहिल्याबाईंच्या नावाने ओळखतात. यशवंतराव म्हटल्यावर मात्र बहुतेकांना आठवतात ते इंग्रजांशी झुंजणारे पहिले यशवंतराव. आपले हे दुसरे यशवंतराव त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी जन्मले, ६ सप्टेंबर १९०८ रोजी. त्यांच्या नशिबी लढाई नव्हती, पण आयुष्य काही सोपं नव्हतं.

त्यांचे वडील तुकोजीराव तिसरे. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर एक भयंकर प्रकार घडला. इंदूर दरबारातून निघून आलेली मुमताज बेगम आणि व्यापारी अब्दुल कादिर बावला मोटारीतून जात असताना काही लोकांनी त्यांची मोटार अडवली आणि बावला यांचा खून केला. हल्लेखोरांचा संबंध इंदूरशी निघाला आणि देशभर गाजावाजा झाला. इंग्रज सरकारने तुकोजीरावांपुढे दोनच रस्ते ठेवले. चौकशीला सामोरं जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. म्हणजे वयाच्या सतराव्या वर्षी, ज्या वयात आपण सीईटीच्या टेन्शनमध्ये असतो, त्या वयात या मुलाच्या डोक्यावर बदनाम झालेल्या दरबाराचा मुकुट आला. वय लहान असल्याने कारभार मंडळाकडे राहिला आणि पूर्ण अधिकार मिळाले ते १९३० मध्ये.

मधल्या काळात त्यांचं शिक्षण इंग्लंडमध्ये झालं. आधी शाळा, मग ऑक्सफर्ड. लग्न १९२४ मध्येच झालं होतं, कोल्हापूरजवळच्या कागलच्या संयोगिताराजे यांच्याशी. उंच, सडपातळ, अबोल महाराज आणि तितक्याच देखण्या महाराणी. पॅरिसमध्ये मॅन रे या मोठ्या फोटोग्राफरने या जोडप्याचे फोटो काढले, आणि बर्नार बुते द मोंवेल या चित्रकाराने महाराजांना एकदा युरोपियन पोशाखात आणि एकदा मराठी पोशाखात रंगवलं. दोन्ही चित्रांतला माणूस एकच, पण दोन जगांत उभा असलेला. हीच त्यांच्या आयुष्याची गोष्ट म्हणता येईल.

ऑक्सफर्डला असताना त्यांची ओळख एकार्ट मुथेसियस या तरुण जर्मन आर्किटेक्टशी झाली. दोघंही विशीतले. महाराजांनी त्याला इंदूरला माणिकबाग राजवाड्याचं काम दिलं. राजवाडा म्हटल्यावर आपल्या डोळ्यापुढे झुंबरं आणि सोन्याचे खांब येतात. माणिकबागेत यातलं काही नव्हतं. सरळ रेषा, धातूच्या खिडक्या, ॲल्युमिनियमचा पलंग, स्टीलच्या नळ्यांच्या खुर्च्या, भर उन्हाळ्यात गारवा देणारी वातानुकूलन यंत्रणा! हे सगळं १९३० ते १९३३ च्या सुमारास. मुथेसियसने त्यांच्यासाठी रेल्वेचा खास डबा आणि शिकारीला नेण्याची कॅरॅव्हॅनसुद्धा डिझाईन केली. महाराजांना वस्तूंचा नुसता शौक नव्हता. ती वस्तू कोणी आणि कशी बनवली, याची त्यांना जाण होती.

हीच नजर गाड्यांच्या बाबतीत दिसते. त्यांच्याकडे बेंटली होत्या, हिस्पानो-सुईझा जे-१२ होती. या जे-१२ चं बारा सिलिंडरचं इंजिन ९.४ लिटरचं! पण सगळ्यात गाजली ती १९३५ च्या सुमारास मागवलेली ड्युसेनबर्ग एसजे. त्या काळात मोठ्या गाड्या आजच्यासारख्या तयार मिळत नसत. कंपनी इंजिनासकट फक्त चासी विकायची आणि बॉडी वेगळ्या कारागिराकडून बनवून घ्यावी लागे. ड्युसेनबर्ग जे मॉडेलची नुसती चासीच सुरुवातीला साडेआठ हजार डॉलरला होती, जेव्हा साधी फोर्ड पाच-सहाशे डॉलरमध्ये घरी येत होती. महाराजांनी अमेरिकन चासी घेतली आणि बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कंपनीकडून बनवून घेतली. लांबलचक बॉनेट, मागे निमुळती होत गेलेली शेपटी, आणि रंग नारिंगी आणि काळा.

आता जरा इंजिनाकडे बघू. एका ओळीत आठ सिलिंडर, सुमारे ६.९ लिटर क्षमता, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट, प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. हे वाक्य आजच्या एखाद्या नव्या गाडीच्या माहितीपत्रकातलं वाटतं ना? त्यात एसजे म्हणजे सुपरचार्जर. इंजिन स्वतः जेवढी हवा ओढेल तेवढ्यावर न थांबता सुपरचार्जर दाबाने जास्त हवा आत ढकलतो, त्यामुळे जास्त इंधन जळतं आणि ताकद वाढते. कंपनीने ताकद सांगितली होती ३२० अश्वशक्ती. हे इंजिन घडवणारे फ्रेड आणि ऑगस्ट ड्युसेनबर्ग हे जर्मनीतून अमेरिकेत गेलेले भाऊ कॉलेजात न जाता सायकली आणि रेसच्या गाड्या जुळवत इंजिनिअर झाले. फ्रेड १९३२ मध्ये स्वतःच्याच कंपनीच्या गाडीला अपघात होऊन गेले आणि १९३७ मध्ये कंपनीही बंद पडली. म्हणजे महाराजांची गाडी ही त्या कंपनीच्या शेवटच्या दिव्यांपैकी एक.

त्याच १९३७ साली महाराजांच्या घरातलाही दिवा विझला. महाराणी संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये ऐन तारुण्यात वारल्या. मुलगी उषा तेव्हा चार वर्षांचीही नव्हती. ब्रांकुशी या महान शिल्पकाराकडून महाराजांनी आकाशात झेपावणाऱ्या पक्ष्याची तीन शिल्पं घेतली होती आणि त्यांच्यासाठी इंदूरला एक ध्यानमंदिर बांधायचं ठरवलं होतं. ब्रांकुशी इंदूरला येऊनही गेला, पण मंदिर काही उभं राहिलं नाही. पुढे महाराजांनी दोन अमेरिकन स्त्रियांशी विवाह केले. त्यांच्या तिसऱ्या पत्नीपासून रिचर्ड हा मुलगा झाला.

पण त्यांना फक्त शौकीन म्हणणं अन्यायाचं होईल. १९३८ मध्ये त्यांनी संस्थानातली देवळं हरिजनांसाठी खुली केली. १९४२ मध्ये त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना उघड पत्र लिहून भारताच्या प्रश्नात मध्यस्थी करण्याची विनंती केली. इंग्रजांच्या छत्राखालच्या राजाने असं करणं म्हणजे धाडसच! क्रिकेटवाल्यांना होळकर संघ ठाऊकच असेल. सी. के. नायडू कप्तान, मुश्ताक अलींसारखा सलामीवीर, आणि चार वेळा रणजी करंडक. आणि इंदूरजवळ गंभीर नदीवरचा यशवंत सागर त्यांच्याच कारकिर्दीतला. शहराला त्यातून आजही पाणी जातं.

१९४८ मध्ये इंदूर मध्य भारत संघात विलीन झालं. महाराज १९५६ पर्यंत उपराजप्रमुख होते. ५ डिसेंबर १९६१ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. वय अवघं ५३.

मग सुरू झाली पांगापांग. संगमरवरातले दोन पक्षी ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात गेले. माणिकबागेतलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत लिलावात निघालं. राजवाड्यात सरकारचं कर खात्याचं ऑफिस आलं. ती नारिंगी ड्युसेनबर्गही अमेरिकेतल्या संग्राहकांकडे पोचली. हे एकट्या होळकरांचं झालं नाही. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले, आणि दारात उभ्या असलेल्या गाड्या सांभाळणं अनेकांना परवडेना. त्या काळात कितीतरी गाड्या मिळेल त्या भावात गेल्या आणि परदेशी पोचल्यावर त्यांचं सोनं झालं. शेवटी सरकारला १९५० पूर्वीच्या गाड्या देशाबाहेर नेण्यावर निर्बंध घालावे लागले.

आज हाच बाजार मोबाईलवर आलाय. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मोठ्या लिलावकंपन्यांनी ऑनलाईन लिलाव घेतले. त्या मे महिन्यात एक फेरारी एन्झो २६ लाख ४० हजार डॉलरला गेली, तीही घेणारा समोर नसताना. मुंबईतही त्याच वर्षी जुन्या गाड्यांचा ऑनलाईन लिलाव झाला. पद्धत साधी आहे. गाडीचे शेकडो फोटो, खालून काढलेले फोटो, थंड इंजिन सुरू करतानाचा व्हिडिओ, तपासणीचा अहवाल. विकणारा एक गुप्त किमान किंमत ठरवतो, त्याखाली गाडी जात नाही. शेवटच्या मिनिटाला कोणी बोली लावली की बऱ्याच ठिकाणी वेळ आपोआप वाढते, म्हणजे चलाखी करून कोणी गाडी उचलू नये. जिंकणाऱ्याला बोलीवर कमिशन वेगळं.

आणि भाव कशाला मिळतो? पहिलं, गाडी किती कमी बनल्या. पेबल बीचच्या त्या ड्युसेनबर्गच्या जातीच्या फक्त दोनच बनल्या होत्या. दुसरं, इंजिन आणि चासीचे नंबर मूळचेच आहेत का. तिसरं, गाडी कोणाची होती आणि तसं सांगणारा कागद आहे का. ती गाडी गॅरी कूपर या नटाची होती. थोडक्यात, लोखंडाला भाव वजनाचा मिळतो, पण गाडीला भाव मिळतो तो तिच्या कहाणीचा आणि ती सिद्ध करणाऱ्या कागदांचा. सगळ्याच जुन्या गाड्या महाग होतात असंही नाही. आजचे तरुण श्रीमंत स्वतःच्या लहानपणीच्या, म्हणजे १९८०-९० च्या गाड्या शोधतात, त्यामुळे युद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांचे भाव थंडावलेत.

इथे आपल्याला काय करता येईल? २०२१ पासून आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या, मूळ स्वरूपातल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी होते. नंबरप्लेटवर व्हीए ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये. म्हणजे कोणाच्या वाड्यात, शेतात, गोठ्यात जुनी जीप, फियाट, राजदूत पडून असेल तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं करा: चासी नंबर आणि इंजिन नंबर लिहून घ्या, आरसी बुक शोधा, आजोबांचा गाडीसोबतचा फोटो जपून ठेवा. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, कार्बुरेटर उघडून बसवता येणारे जुने मिस्त्री अजून जालन्यात आहेत. त्यांच्या हाताखाली एक उन्हाळा काढा. हे ज्ञान कुठल्याच लिलावात मिळणार नाही.

यशवंतरावांच्या वस्तू जगभर विखुरल्या, त्यांना कोटींचे भाव आले. पण यशवंत सागरावर कोणी बोली लावू शकत नाही, आणि अंबडच्या बारवेवरही नाही. होळकरांनी मागे ठेवलेल्या दोन तऱ्हेच्या गोष्टी या. एकीची किंमत दरवर्षी बदलते, दुसरीतून लोक पाणी पितात. गाडीवर प्रेम जरूर करावं मित्रांनो, आम्हीही करतो. पण इंजिनिअर म्हणून आपल्या हातून दोन्ही घडावं, एवढीच इच्छा.

असो. मामांच्या फियाटचा चासी नंबर मात्र कोणीच लिहून ठेवला नाही. आता ती जालन्याच्या कुठल्या घराच्या स्लॅबमध्ये सळई होऊन बसली आहे, कोण जाणे!