अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट : खडकांनी बदललेले मत

चरित्र वाचताना आपण बहुधा चरित्रनायकाचे पराक्रम मोजतो. प्रस्तुत पाठात मात्र एका थोर शास्त्रज्ञाने आपल्या गुरूकडून घेतलेले मत प्रत्यक्ष पुराव्यापुढे कसे सोडले, हे आपण पाहणार आहोत.

अलेक्झांडर फॉन हम्बोल्ट यांचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिन येथे एका सधन कुटुंबात झाला. लहानपणीच त्यांचे पितृछत्र हरपले. थोरले बंधू विल्हेल्म पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून विख्यात झाले. संस्कृतचा अभ्यास करून त्यांनी बर्लिनच्या अकादमीत भगवद्गीतेवर व्याख्यानेही दिली. अलेक्झांडर यांचा ओढा मात्र वनस्पती, कीटक आणि दगड यांकडे होता.

त्या काळी युरोपात बेसाल्ट या काळ्या खडकावरून मोठा वाद चालू होता. सह्याद्रीचे कडे ज्याचे बनले आहेत, तोच हा खडक. एका पक्षाच्या मते तो आदिम महासागराच्या पाण्यातून, तळाशी साका बसावा तसा तयार झाला. दुसऱ्या पक्षाच्या मते तो थिजलेला शिलारस होता. पहिल्या पक्षाचे अध्वर्यू फ्रायबर्गच्या खनिकर्म अकादमीतील अब्राहम वेर्नर हे होते. जमिनीखालील दगडी कोळशाचे थर पेटल्याने ज्वालामुखी जागृत होतात आणि म्हणून ते केवळ स्थानिक महत्त्वाचे आहेत, असे ते मानीत. हम्बोल्ट यांनी १७९० मध्ये ऱ्हाईन नदीकाठच्या बेसाल्टवर पुस्तक लिहिले आणि जलपक्षाची बाजू उचलून धरली. पुढच्याच वर्षी ते वेर्नर यांचे शिष्य झाले.

शिक्षणानंतर त्यांनी प्रशियाच्या खाण खात्यात नोकरी धरली. खाणकामगारांसाठी स्वखर्चाने शाळा काढली आणि विषारी वायूतही जळत राहील असा दिवा तयार केला. त्या दिव्याची खाणीत परीक्षा घेताना ते गुदमरून बेशुद्ध पडले व थोडक्यात बचावले.

१७९६ मध्ये मातोश्रींचे निधन झाले. वारशाने आलेली संपत्ती प्रवासास लावण्याचे ठरवून त्यांनी नोकरी सोडली. ५ जून १७९९ रोजी वनस्पतिशास्त्रज्ञ एमे बाँप्लां यांच्यासह ते स्पेनच्या ला कोरुन्या बंदरातून अमेरिका खंडाकडे निघाले. वाटेत तेनेरिफे बेटावरील तेइदे ज्वालामुखी ते चढले. ओरिनोको नदीचा खडतर प्रवास आटोपून १८०२ मध्ये ते क्विटो येथे पोहोचले. तेथील पिचिंचाच्या ज्वालामुखाच्या कडेवर पालथे पडून, भूकंपाचे हादरे बसत असताना, त्यांनी आतील खोल काळोख न्याहाळला. २३ जून १८०२ रोजी ते चिंबोरासोवर सुमारे ५,९०० मीटर उंचीपर्यंत गेले. हिरड्यांतून रक्त येत होते, श्वास अपुरा पडत होता. अखेर एका रुंद घळीने वाट अडवली आणि त्यांना शिखर न गाठताच परतावे लागले.

मेक्सिकोत त्यांनी होरुयो पाहिला. १७५९ मध्ये उसाच्या व निळीच्या मळ्यांतून हा ज्वालामुखी एकाएकी वर आला होता. हम्बोल्ट १८०३ मध्ये तेथे गेले, तेव्हाही भोवतालच्या भूमीतून वाफा निघत होत्या.

या निरीक्षणांपुढे गुरूचे मत टिकेना. अँडीजमधील ज्वालामुखी अतिप्राचीन खडक फोडून वर आले होते; अर्थात त्यांचे मूळ कोळशाच्या थरांच्या कितीतरी खाली असले पाहिजे. शिवाय ते विखुरलेले नसून रांगेत उभे होते. भूकवचातील लांबच लांब भेगांशी त्यांचा संबंध असावा, असा निष्कर्ष हम्बोल्ट यांनी काढला. १८०५ मध्ये त्यांनी व्हेसुव्हियसचे निरीक्षण केले आणि १८२३ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे ज्वालामुखींची रचना व कार्य यांवर निबंध वाचला. तारुण्यात ज्या पक्षासाठी लेखणी झिजवली, त्याचा त्याग त्यांनी असा जाहीरपणे केला.

त्यांचे सर्वच निष्कर्ष टिकले असे नाही. होरुयोच्या भोवतालची जमीन आतील दाबाने फुग्यासारखी फुगली, ही त्यांची कल्पना पुढील संशोधकांनी नाकारली. तेथे लाव्हाचे थरावर थर साचले होते. हिमालय पाहण्याची त्यांची इच्छाही अपुरी राहिली, कारण ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. प्रवास आणि ग्रंथप्रकाशन यांत त्यांची सारी संपत्ती संपली. तरीही १८४५ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘कॉसमॉस’ या ग्रंथावर ते अखेरपर्यंत काम करीत राहिले. पाचवा खंड अपुरा असतानाच, ६ मे १८५९ रोजी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : वेर्नर यांचा सिद्धांत सोडण्यास हम्बोल्ट यांना कोणकोणत्या निरीक्षणांनी भाग पाडले, ते आपल्या शब्दांत लिहा.