निळ्या कोटाआडचा माणूस

१७७५ च्या जानेवारीत आजच्या जर्मनीतील लाइपझिग शहराच्या कारभाऱ्यांनी एक अजब हुकूम काढला. धर्मशास्त्राच्या पंडितांच्या आग्रहावरून त्यांनी एका लहानशा कादंबरीच्या विक्रीवर बंदी घातली. तेवढ्याने समाधान होईना म्हणून की काय, त्या कादंबरीचा नायक घालतो तसा पोशाख करायलाही मनाई केली. निळा कोट, पिवळे जाकीट, पिवळी तुमान आणि उंच बूट! असा पोरगा रस्त्यात दिसला की वडीलधारी मंडळी एकमेकांकडे सूचक नजरेने पाहत. हा त्यातला, हे न बोलताच ठरून जाई.

कादंबरीचे नाव होते ‘तरुण वेर्थरची दुःखे’. तिचा लेखक पंचवीस वर्षांचा वकील होता, योहान वोल्फगांग गटे.

आपल्याकडे गटेचे नाव निघाले की शाकुंतल आठवते. तो ते पुस्तक डोक्यावर घेऊन नाचला, ही आख्यायिका आपण शाळेपासून ऐकत आलो. नाचण्याचे राहू द्या, पण १७९१ साली शाकुंतलाचा अनुवाद वाचून त्याने त्यावर चार ओळींची स्तुतिपर कविता लिहिली, हे खरे. ‘फाउस्ट’चा कर्ता, वायमार संस्थानचा मंत्री, निसर्गाचा अभ्यासक अशी त्याची ऋषितुल्य प्रतिमा आपल्या मनात असते. या ऋषीचे तारुण्य मात्र फार अस्वस्थ होते.

२८ ऑगस्ट १७४९ रोजी फ्रांकफुर्टच्या एका सुखवस्तू घरात त्याचा जन्म झाला. अनेक भावंडांतून तो आणि त्याच्याहून वर्षाने लहान बहीण कॉर्नेलिया एवढी दोघेच जगली. सोळाव्या वर्षी वडिलांनी त्याला कायदा शिकायला लाइपझिगला धाडले. १७६८ मध्ये तो आजारी पडून घरी परतला आणि कित्येक महिने अंथरुणाला खिळला. पुढे स्ट्रासबुर्गला शिक्षण पुरे झाले आणि १७७२ च्या उन्हाळ्यात तो वेट्झलार गावी वरिष्ठ न्यायालयात उमेदवारी करायला गेला. तेथे शार्लट बुफ त्याला भेटली. आईवेगळ्या धाकट्या भावंडांना सांभाळणारी ही मुलगी केस्टनर नावाच्या सज्जन गृहस्थाशी वचनबद्ध होती. गटे गुंतला, तळमळला आणि सप्टेंबरात निरोप न घेता निघून गेला. त्या काळात जीव नकोसा वाटण्याचे विचार आपल्याला घेरून असत, हे त्याने पुढे आत्मचरित्रात न लपवता नोंदवले आहे.

दोनच महिन्यांत वेट्झलारहून बातमी आली. कार्ल विल्हेल्म येरुझालेम या तरुण सचिवाने आत्महत्या केली होती. गटेची त्याच्याशी तोंडओळख होती. वरिष्ठाशी बेबनाव, उमरावांच्या बैठकीत झालेला अपमान आणि एका विवाहितेवरचे निष्फळ प्रेम अशी दुःखे त्याच्यावर साचत गेली होती. निळा कोट आणि पिवळे जाकीट हा मुळात त्याचा पोशाख. पुढे ज्याची फॅशन झाली, ते एका खऱ्या, एकाकी माणसाचे कपडे होते.

१७७४ च्या आरंभी गटेने अवघ्या काही आठवड्यांत कादंबरी लिहून काढली. स्वतःचे दुःख आणि येरुझालेमचा शेवट यांचा त्यात मिलाफ होता. लिहून झाल्यावर त्याला पापाची कबुली दिल्यासारखे हलके वाटले. शरदात पुस्तक बाहेर पडले आणि युरोपभर वणवा पेटला. अनुवाद झाले, कपबशांवर आणि पंख्यांवर वेर्थरची चित्रे आली, त्याच्या नावाचे अत्तर निघाले. गावोगावी निळे कोट दिसू लागले. या वेडाला लोकांनी नावही दिले, वेर्थर-ज्वर. १७७६ मध्ये डेन्मार्कनेही पुस्तकावर बंदी घातली. बर्लिनचे प्रकाशक निकोलाई यांनी तर विडंबन लिहून वेर्थरला जिवंत ठेवले आणि त्याचे लग्न लावून टाकले.

एकदा शिक्का बसला की विचारपूस संपते. निळ्या कोटातल्या शंभर पोरांपैकी नव्वद हौसेने तसे नटले असतील. उरलेल्या दहांपैकी एखादा खरोखर आतून मोडत असेल. शिक्का मारणाऱ्याला हे दोघे सारखेच दिसतात. हौशी पोराची उगाच धास्ती घेतली जाते आणि दुःखी पोराचे दुःख नाटकात जमा होते. वेर्थरचे अनुकरण करून जीव दिल्याच्या कथा तेव्हा खूप पसरल्या, पण खात्रीने सांगता येतील अशी प्रकरणे मोजकीच आहेत.

खुद्द गटेही या शिक्क्याला कंटाळला. १७७५ मध्ये तो वायमारला तरुण ड्यूककडे गेला आणि राज्यकारभारात रमला. उसासे टाकणाऱ्या भावविवशतेची टर उडवणारे एक नाटकही त्याने लिहिले. ते जानेवारी १७७८ च्या अखेरीस रंगभूमीवर येणार होते. त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी क्रिस्टियाने फॉन लासबेर्ग या दरबारातल्या तरुणीने इल्म नदीत जीव दिला. गटेचे बागेतले घर तिथून जवळच होते. तिच्या खिशात ‘वेर्थर’ची प्रत होती असे म्हणतात. खरेखोटे काही असो, गटे हादरला. तिच्या स्मृतीसाठी त्याने नदीकाठी एक जागा करायला घेतली. नाटकही ठरल्या दिवशी झालेच. एका हाताने थट्टा आणि दुसऱ्या हाताने शोक, अशी ती विलक्षण कोंडी होती.

सात महिन्यांपूर्वीच, जून १७७७ मध्ये, कॉर्नेलिया गेली होती. लग्नानंतर ती खिन्नतेत बुडत गेली आणि दुसऱ्या बाळंतपणानंतर अवघ्या सव्विसाव्या वर्षी तिचा अंत झाला. तिने निळा कोट कधी घातला नव्हता. म्हणूनच कदाचित तिच्या दुःखाला कोणी ज्वर म्हटले नाही आणि ते फारसे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरअखेरीस गटे एकटाच घोड्यावरून हार्ट्झ पर्वताकडे निघाला. वाटेत वेर्निगेरोडे गावी प्लेसिंग नावाचा त्याच्याच वयाचा एक तरुण राहत होता. ‘वेर्थर’ वाचून त्याने गटेला व्याकूळ पत्रे लिहिली होती आणि गटेने उत्तर दिले नव्हते. आता आपण चित्रकार असल्याचे भासवून गटे त्याच्या दारात उभा राहिला. प्लेसिंगने मोठ्या विश्वासाने आपले अनुत्तरित पत्र त्यालाच वाचून दाखवले! गटेने शांतपणे ऐकून घेतले आणि मग सल्ला दिला. स्वतःतून बाहेर पड, निसर्गाकडे बघ, कामात मन गुंतव. प्लेसिंगने मान हलवली. हे त्याला पटणारे नव्हते. ओळख न देताच गटे निघून गेला.

हाच सल्ला आज आपणही घरात देत नाही का? सल्ला वाईट नाही, पण खचलेल्या माणसाला तो पेलत नाही. तरीही बर्फातून वाट काढत कोणीतरी आपल्यासाठी आले, हे प्लेसिंगला पुढे कळले. तो वायमारला येऊन गेला, डुइसबुर्गला प्राध्यापक झाला आणि १७९२ मध्ये गटेने तेथे त्याची पुन्हा भेट घेतली. क्राफ्ट हे टोपणनाव घेऊन वावरणाऱ्या आणखी एका निराश माणसाला तर गटेने १७७८ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत गुपचूप पोसले.

१७८७ मध्ये गटेने कादंबरी सुधारून लिहिली. १८०८ साली एर्फुर्टला भेटलेल्या नेपोलियननेही तिच्याविषयीच बोलणे काढले. २२ मार्च १८३२ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी गटे गेला. वेर्थर मात्र शिल्लक राहिला. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने दाखवून दिले की वृत्तपत्रांनी आत्महत्येची बातमी ठळक छापली की पाठोपाठ तशा घटना वाढतात. या परिणामाला त्याने वेर्थरचे नाव दिले. २०१० मध्ये व्हिएन्नाच्या अभ्यासकांनी दुसरी बाजू पुढे आणली. संकटातून सावरलेल्या माणसांच्या कथा छापल्या, तर जीव वाचण्यास हातभार लागू शकतो. मोत्सार्टच्या ‘जादूची बासरी’ या संगीतिकेत निराश पापागेनोला तीन मुले वेळीच थांबवतात, म्हणून याला पापागेनोचे नाव मिळाले. योगायोग असा की त्याच संगीतिकेचा दुसरा भाग लिहायला गटेने घेतला होता. तो अपुराच राहिला.

कपडे बदलत गेले. हिप्पी आले, पंक आले, काळ्या कपड्यांतले गॉथ आणि इमो आले. आपल्या घरातही एखादा मुलगा दार लावून बसतो, केस वाढवतो, काळा शर्ट अंगातून काढत नाही. आपण म्हणतो, फॅड आहे, जाईल. बहुतेक वेळा जातेही. पण त्याचे जेवण तुटले, झोप उडाली, मित्र सुटले, तर शर्टाकडे बघू नये. दारावर टकटक करून जवळ बसावे, ऐकावे आणि डॉक्टरांकडे न्यायला लाजू नये. सरकारची १४४१६ ही ‘टेलिमानस’ दूरध्वनी सेवाही त्यासाठीच आहे.

आणि जी मुलगी नीटनेटकी वेणी घालून निमूट अभ्यास करते, तिच्याही दारावर टकटक करावी. कॉर्नेलियाला कोणी तेवढे विचारायला हवे होते.